वातावरणीय रसायनशास्त्र आणि एरोसोल भौतिकी : कोकणातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. हवेत तरंगणारे सूक्ष्मकण (म्हणजेच एरोसोल) आणि वातावरणातील रासायनिक अभिक्रिया यांचा पदव्युत्तर अभ्यास करण्याची तुमची इच्छा आहे; परंतु भौतिकशास्त्र पहिल्या वर्षानंतर आणि गणित दुसऱ्या वर्षानंतर सुटले, महाविद्यालयात हवा मोजण्याचे एकही उपकरण नाही, आणि आपल्याकडची हवा स्वच्छ असल्यामुळे इथे अभ्यासण्यासारखे काही असेल असेही तुम्हाला वाटत नाही. तेव्हा रसायनशास्त्रातच एम.एस्सी. करून मग या विषयाकडे वळावे, की आताच वातावरणशास्त्राच्या विभागात प्रवेश घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

हवेतील कणांची मोजमापे करण्यात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि मी स्वतः किनाऱ्यावरच्याच गावातला असल्यामुळे तुमची अडचण मला नीट समजते. पदवीच्या नावाचा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. या विषयाचे दोन अर्धे भाग आहेत, एक रसायनशास्त्राचा आणि दुसरा भौतिकशास्त्र व गणिताचा. त्यांतला एक तुमच्याकडे बऱ्यापैकी आहे, आणि दुसरा कुठून व कसा मिळवायचा हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. आणखी दोन वर्षे फक्त रसायनशास्त्र शिकल्याने तो दुसरा भाग मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण समजण्यासाठी समुद्री मिठाचा एकच कण घेऊ. लाट फुटते तेव्हा पाण्यात ओढले गेलेले हवेचे बुडबुडे पुन्हा वर येऊन फुटतात. बुडबुड्याचा पातळ पडदा फाटताना अतिशय बारीक थेंब उडतात, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेतून पाण्याची जी बारीक धार वर उसळते तिच्यातून त्याहून मोठे थेंब सुटतात. या थेंबांतील पाणी बाष्प होऊन गेले की मिठाचा कण उरतो. आता हा कण किती काळ हवेत राहील? पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे १०० मीटर उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. १ मायक्रोमीटरचा कण दिवसाला जेमतेम ३ मीटर उतरतो. ०.१ मायक्रोमीटरचा कण दिवसभरात दहा सेंटिमीटरसुद्धा उतरत नाही. स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार व्यास दहा पटीने घटला की वेग शंभर पटीने घटायला हवा. पण शेवटच्या कणाचा वेग त्या मानाने बराच अधिक भरतो. हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी समुद्रसपाटीला सरासरी ०.०६६ मायक्रोमीटर अंतर कापतो, आणि कणाचा आकार या अंतराच्या जवळ आला की हवा त्याच्यासाठी सलग माध्यम राहत नाही. त्यासाठी स्टोक्सच्या नियमात करावी लागणारी दुरुस्ती १ मायक्रोमीटरच्या कणाला पंधरा-सतरा टक्के असते, तर ०.१ मायक्रोमीटरच्या कणाचा वेग तिच्यामुळे जवळजवळ तिप्पट होतो.

मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर केलेल्या प्रयोगातही हीच दुरुस्ती करावी लागली होती. तुमच्या भौतिकशास्त्र विभागात तो प्रयोग होत असेल तर प्राध्यापकांची परवानगी घेऊन तो आवर्जून करा. अभ्यासक्रमात तो इलेक्ट्रॉनचा प्रभार काढण्याचा प्रयोग म्हणून येतो, परंतु प्रत्यक्षात तिथे हवेत तरंगणाऱ्या एका प्रभारित कणावरचे विद्युत बल आणि हवेचा विरोध यांचा हिशेब मांडला जातो. आजही अतिसूक्ष्म कणांना आकारानुसार वेगळे करणारी उपकरणे याच दोन बलांच्या हिशेबावर चालतात.

इथपर्यंत सगळे भौतिकशास्त्र झाले. पुढे मात्र आर्द्रता येते आणि तिच्याबरोबर तुमचा विषय येतो. शुद्ध मिठाचा कोरडा कण सापेक्ष आर्द्रता वाढत असताना बराच वेळ कोरडाच राहतो आणि ७५ टक्क्यांच्या आसपास एकदम पाणी ओढून विरघळतो. ८० टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्या कणाच्या सुमारे दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट झालेले असते. उलट दिशेने आर्द्रता कमी करत आणली तर तो ७५ टक्क्यांना परत स्फटिक होत नाही. ४५ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत अतिसंतृप्त द्रावणाचा थेंब म्हणूनच टिकतो. रत्नागिरी, देवगड किंवा वेंगुर्ल्याची हवा वर्षातला बराच काळ इतकी दमट असते की तिथला मिठाचा कण बहुतांश वेळ द्रवरूपातच असतो. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर द्रावणाचे असंख्य सूक्ष्म थेंब सतत हवेत तरंगत असतात आणि त्या प्रत्येकात अभिक्रिया चालू असतात. नायट्रिक आम्लाची वाफ त्यात शिरते, सोडियम नायट्रेट तयार होते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. सल्फर डायऑक्साइड विरघळतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोनमुळे त्याचे सल्फेट होते. ओझोनमुळे होणारी अभिक्रिया थेंबाच्या सामूवर फार अवलंबून असते, आणि थेंब आम्लधर्मी होत गेला की ती मंदावते. समतोल, द्राव्यता, सामू, अभिक्रियेचा वेग हे सारे तुम्ही शिकलेले आहात. फक्त तुमच्या चंबूच्या जागी इथे एक मायक्रोमीटरचा थेंब आहे आणि त्याची संहती दर तासाच्या आर्द्रतेनुसार बदलते.

याच कणावर पुढे ढगाचा थेंबही तयार होतो. कणाचा पृष्ठभाग वक्र असल्यामुळे त्यावरून पाणी अधिक सहज उडून जाते, आणि त्यात मीठ विरघळलेले असल्यामुळे ते कमी सहजपणे उडते. या दोन परस्परविरोधी परिणामांची बेरीज स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ हिल्डिंग कोहलर यांनी मांडली. त्यांचा १९३६ सालचा शोधनिबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्या समीकरणाचा एक भाग राउल्टच्या नियमातून येतो, जो तुम्हाला पाठ असेल, आणि दुसरा केल्विन यांच्या पृष्ठीय ताणाच्या समीकरणातून. मिठासारख्या विद्राव्य पदार्थाचा ०.१ मायक्रोमीटरचा कण असेल तर हवेतील बाष्प संतृप्ततेच्या जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के वर गेले तरी त्यावर ढगाचा थेंब वाढू लागतो. कणच नसतील तर त्याच कामासाठी सापेक्ष आर्द्रता कित्येक शे टक्के लागली असती, आणि तशी ती निसर्गात कधीच होत नाही.

एका कणाचा हिशेब पुरा करताना आपण किती वेळा एका शास्त्रातून दुसऱ्यात गेलो ते तुमच्या लक्षात आले असेल. माझ्या अनुभवात रसायनशास्त्रातून आलेला विद्यार्थी फिल्टरवरील आयनांचे विश्लेषण उत्तम करतो, पण तो कण फिल्टरपर्यंत कसा पोचला, वाटेत नळीच्या भिंतीला किती चिकटले, मोजलेला आकार कोरडा होता की ओला, या प्रश्नांवर अडतो. भौतिकशास्त्रातून आलेला विद्यार्थी याच्या उलट जागी अडतो. दोघेही पुढे तयार होतात. पण तयार व्हायला कोणाला किती वेळ लागेल हे मुख्यतः गणितावर ठरते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्हाला उच्च गणिताची फार मोठी व्याप्ती लागणार नाही; लागेल ते मात्र हाताखालचे असले पाहिजे. प्रथम क्रमाची डिफरन्शियल समीकरणे, आंशिक विकलन, लॉगरिदमचा सहज वापर, संभाव्यता वितरणे आणि मोजमापातील त्रुटींचे गणित यांपासून सुरुवात करावी. कणांचे आकार चार-पाच दशमान श्रेणींत पसरलेले असल्यामुळे त्यांचे वितरण लॉगरिदमच्या अक्षावरच मांडले जाते, आणि या एका गोष्टीची सवय नसल्यामुळे पहिल्या सत्रात अनेकांचा गोंधळ उडतो. संख्येने पाहिले तर हवेतील बहुतेक कण ०.१ मायक्रोमीटरहून लहान असतात, परंतु वस्तुमान जवळजवळ सगळे त्याहून मोठ्या कणांत असते. तोच नमुना दोन वेगळ्या आलेखांवर दोन वेगळ्या वस्तू वाटाव्यात इतका निराळा दिसतो.

याच्या जोडीला पायथन शिका, आणि ते शिकण्यासाठी वातावरणातलेच उदाहरण घ्या. सिडनी चॅपमन यांनी १९३० साली स्थितांबरातील ओझोनसाठी मांडलेल्या अभिक्रिया मोजक्याच आहेत. प्रत्येक घटकासाठी वेगाचे समीकरण लिहा, ती सारी समीकरणे संगणकावर एकत्र सोडवा आणि ओझोनची संहती काढा. उत्तर प्रत्यक्षातील ओझोनपेक्षा अधिक येते. असे का होते याचा शोध घेतला की तुम्ही नायट्रोजन ऑक्साइड आणि क्लोरीन यांच्या उत्प्रेरकी चक्रांपर्यंत पोचता, ज्यांच्या आकलनासाठी क्रुट्झेन, मोलिना आणि रोलंड यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा एक अभ्यास नीट पूर्ण केला तर समीकरणे, संगणन आणि वातावरणीय रसायनशास्त्र या तिन्ही गोष्टी एकदम हाती लागतात. त्यातच आणखी एक अडचण भेटेल आणि ती भेटायलाच हवी. वातावरणात हायड्रॉक्सिल हा अतिशय क्रियाशील मूलक सेकंदभर टिकतो आणि मिथेन सुमारे नऊ-दहा वर्षे टिकतो, आणि दोघे समीकरणांच्या एकाच संचात बसवायचे असतात. साध्या पद्धतीने अशी समीकरणे सोडवताना संगणक एक तर अडून बसतो किंवा चुकीचे उत्तर देतो. त्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत आणि पायथनमध्ये त्या तयार मिळतात.

आता पदवीविषयी. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. वातावरणशास्त्राच्या एम.एस्सी.साठी काही ठिकाणी पदवीला गणित किंवा भौतिकशास्त्र असण्याची अट असते, म्हणून प्रत्येक विभागाची त्या वर्षीची माहितीपत्रिका वाचल्याशिवाय काही ठरवू नका. अट आड येत नसेल, तर मी तुम्हाला वातावरणशास्त्राचा किंवा त्याला जवळचा अभ्यासक्रम निवडायला सांगेन, कारण हवेची गती, विकिरण, ढग आणि आकडेवारीचे संगणन या गोष्टी एकट्याने शिकायला अवघड आहेत आणि वर्गात दोन वर्षांत त्या अंगवळणी पडतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातही असे शिक्षण मिळते. अट आड आली तर भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणे हा दुसरा चांगला मार्ग आहे, पण तेव्हा वर सांगितलेले गणित शिकण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर राहील. आपल्याकडे बहुसंख्य विद्यार्थी सेंद्रिय रसायनशास्त्र निवडतात, कारण लोटे परशुराम आणि महाडच्या कारखान्यांत त्यावर नोकरी मिळण्याची आशा असते. तो विचार घरच्या गरजेतून आलेला असेल तर त्यात गैर काहीच नाही. मात्र तिथून या विषयाकडे येण्याचे अंतर अधिक आहे हे आधी माहीत असावे. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.विषयी सरसकट सांगता येत नाही. अभ्यासक्रम मागवून घ्या, आणि त्यात हवेविषयीची प्रकरणे फक्त प्रदूषकांच्या याद्या आणि कायदे यांपुरती असतील, आकडेमोड नसेल, तर तो या कामाला पुरणार नाही.

तुमच्या प्रश्नातील एका गोष्टीशी मी सहमत नाही, आणि ती म्हणजे इथली हवा स्वच्छ असल्यामुळे अभ्यासण्यासारखे काही नाही ही समजूत. मोठ्या शहरांच्या तुलनेत कोकणात कणांचे प्रमाण कमी आहे हे खरे. पण एरोसोलच्या अभ्यासात किनारपट्टीला मोठे महत्त्व आहे, कारण इथे वर्षभरात हवेचे उगमस्थान संपूर्ण बदलते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा असते, तिच्यात मिठाचे प्रमाण अधिक असते आणि पाऊस तिला सतत धूत राहतो. थंडीत वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि देशभरातील धूर व सूक्ष्मकण अरबी समुद्रावर जातात. १९९९ सालच्या जानेवारी ते मार्च या काळात इंडोएक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेने जहाजे, विमाने आणि बेटांवरील केंद्रे वापरून नेमके हेच मोजले, आणि हिंदी महासागराच्या उत्तर भागावर हिवाळ्यात धुरकट थर किती दूरवर पसरतो हे दाखवून दिले. त्या थराची वाट आपल्याच किनाऱ्यावरून जाते.

उन्हाळ्यात तर एकाच दिवसात दोन निराळ्या हवा भेटतात. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष उपयोगाला येतात. मार्च ते मे या महिन्यांत भातरोपांच्या जागेवर कवळ, पातेरा आणि शेण पसरून भाजावळ केली जाते, सड्यांवरचे गवत आणि डोंगरउतारावरचे वणवे पेटतात. तो धूर रात्रीच्या मतलई वाऱ्याबरोबर समुद्रावर जाऊन थांबतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर काही अंशी परतही येऊ शकतो. समुद्राकडून आलेली हवा म्हणजे स्वच्छ हवा, हे गृहीत धरून काढलेले निष्कर्ष त्यामुळे फसतात. यात आणखी भर म्हणजे किनाऱ्यापासून काही अंतरावरून जाणारी मोठी जहाजे. त्यांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२० पासून जगभरात ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, आणि त्या बदलाचा समुद्रावरील ढगांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास आजही चालू आहे.

अशा मिश्र हवेतून समुद्राचा वाटा वेगळा काढण्याची रीत सोपी आहे आणि तुम्ही ती आजच शिकू शकता. सोडियम मुख्यतः समुद्रातून आले असे धरायचे. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या वस्तुमानाच्या १.८ पट क्लोराइड, ०.२५ पट सल्फेट आणि ०.०३७ पट पोटॅशियम असते. फिल्टरवर किंवा पावसाच्या पाण्यात सोडियम किती आहे ते मोजून त्या प्रमाणात समुद्राचे सल्फेट आणि पोटॅशियम वजा केले की उरलेले इतर ठिकाणचे ठरते. उरलेले पोटॅशियम बहुधा लाकूड-पाचोळ्याच्या धुराकडे बोट दाखवते. उरलेल्या सल्फेटचा उगम मात्र एवढ्याने ठरत नाही, कारण ते कोळशातून, जहाजांच्या इंधनातून किंवा समुद्रातील वनस्पतीप्लवकांनी सोडलेल्या डायमिथाइल सल्फाइडमधूनही येऊ शकते. क्लोराइड अपेक्षेपेक्षा कमी भरले तर आम्लांनी ते हुसकावले असे समजायचे, १.८ च्या जागी प्रमाण १.० आले तर सुमारे ४४ टक्के क्लोराइड वायुरूपात निघून गेले आहे.

आता उपकरणांविषयी. तुमच्या महाविद्यालयात हवा मोजण्याचे उपकरण नसले तरी सामूमापक, विद्युतवाहकता मापक, ब्युरेट आणि बहुधा फ्लेम फोटोमीटर असेल. एवढ्यावर पावसाच्या पाण्याचा उत्तम प्रकल्प होतो, आणि रत्नागिरीसारख्या तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात नमुन्यांची वाण नाही. पॉलिथिनची बाटली आणि नरसाळे ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुऊन घ्यावे, ते झाडे आणि पागोळ्यांपासून दूर, छातीच्या उंचीवर ठेवावे, आणि पाऊस सुरू झाल्यावरच उघडावे. नाहीतर कोरड्या काळात बसलेली धूळ मोजली जाते. प्रत्येक सरीचा नमुना वेगळा ठेवावा. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोलात असलेल्या शुद्ध पाण्याचा सामू ५.६ असतो, म्हणून ५.६ हा आकडा तुलनेसाठी धरावा. पावसाच्या पाण्यात आयन इतके कमी असतात की सामूमापकाचा आकडा सावकाश स्थिर होतो, तेव्हा घाई न करता थांबावे.

क्लोराइडसाठी मोहरचे अनुमापन करता येईल, पण प्रयोगशाळेत नेहमी वापरतात तेवढ्या तीव्र द्रावणाने ते जमणार नाही. ०.०१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट आणि १०० मिलिलिटर पाणी घ्यावे. लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर ब्युरेटमधून जेमतेम १.४ मिलिलिटर द्रावण खर्च होईल, म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याचे कोरे अनुमापन तितकेच काळजीपूर्वक करून ते वजा करणे अनिवार्य आहे. पाणी आम्लधर्मी असेल तर आधी सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करावे लागते, आणि तसे केलेला नमुना सोडियम मोजण्यासाठी चुकूनही वापरू नये. त्यासाठी मूळ पाण्याचा वेगळा भाग राखून ठेवावा. सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मिळतील. पहिल्या सरी आणि जुलैमधील संततधार यांतील प्रमाणांची तुलना, किंवा किनाऱ्यावरील आणि घाटाखालच्या एखाद्या गावातील पावसाची तुलना, हा पदवीच्या पातळीवर खरा संशोधनाचा विषय आहे. असा एक प्रकल्प नीट नोंदींसह पूर्ण केलेला विद्यार्थी माझ्याकडे आला तर मी त्याचे गुणपत्रक नंतर पाहतो.

अनेक विद्यार्थी याऐवजी दोन-तीन हजार रुपयांचा पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रोमीटरहून लहान कण) मोजणारा सेन्सर विकत घेतात, म्हणून त्याविषयी सावध करतो. हा सेन्सर कणांचे वजन करत नाही. कणांनी विखुरलेला प्रकाश मोजून वस्तुमानाचा अंदाज सांगतो. आपल्याकडच्या दमट हवेत मिठाचा कण पाणी पिऊन दुप्पट व्यासाचा झालेला असतो, आणि सेन्सर त्या पाण्यालाही प्रदूषण समजतो. भारताचे २००९ चे मानक पीएम २.५ साठी चोवीस तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली पातळी १५ आहे. पहाटे ९५ टक्के आर्द्रतेत सेन्सरने दाखवलेल्या आकड्याची यांच्याशी थेट तुलना करणे अयोग्य ठरते. सेन्सर घ्यायचाच असेल तर शेजारी आर्द्रतामापक ठेवा, आणि शक्य तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राजवळ काही दिवस ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहा. मानक पद्धतीत मिनिटाला १६.७ लिटर हवा चोवीस तास फिल्टरमधून ओढली जाते, म्हणजे एकूण २४ घनमीटर. हवेत घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम कण असतील तर फिल्टरवर पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी वजन जमा होते. ते तोलण्यासाठी फिल्टर आधी ठरावीक तापमानात आणि कमी आर्द्रतेत ठेवावा लागतो. एवढी काळजी का घेतात हे ज्याला कळले त्याला एरोसोल मापनाचा निम्मा विषय कळला.

उपकरणांशिवाय करण्यासारखे आणखी एक मोठे काम म्हणजे खुल्या आकडेवारीचा अभ्यास. पुण्यात एरोनेट या जगभर एरोसोल मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्यातील सूर्यप्रकाशमापक आहे आणि त्याची आकडेवारी विनामूल्य मिळते. टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरील मोडिस उपकरणाची एरोसोल आकडेवारीही खुली आहे. हायस्प्लिट या प्रणालीवर तुमच्या गावावर आज आलेली हवा गेल्या पाच दिवसांत कुठून कुठे फिरली याचा मार्ग काढता येतो. एका वर्षाचे असे मार्ग काढून ऋतूंप्रमाणे त्यांचे गट पाडले, तर वर सांगितलेले हवेचे उगमस्थान बदलणे तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहाल.

पुढील संशोधनाच्या जागांविषयी मोजकेच सांगतो. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ पासून काम करत आहे, आणि महाबळेश्वरला २०१२ पासून तिची ढगांच्या भौतिकीची उंचावरील प्रयोगशाळा आहे. कोकणातून वर चढलेली पावसाळी हवा तिथे सुमारे १,३५० मीटरवर ढगात रूपांतरित झालेली सापडते, त्यामुळे आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला ती फार जवळची वाटावी. मुंबईची आयआयटी, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, तिरुवनंतपुरमची अंतराळ भौतिकी प्रयोगशाळा, नैनितालची एरीज, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि नागपूरची नीरी इथेही एरोसोलवर काम चालते. समुद्र आणि हवा यांच्यातील देवाणघेवाणीत रस असेल तर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सर्वांत जवळ आहे. पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रह विज्ञान असा विषय आहे, आणि रसायनशास्त्राचा पेपर देऊनही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतही वातावरण व महासागर विज्ञानाचा विभाग निवडता येतो. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. घरच्यांना हा आकडा सांगा, कारण पुढची पाच वर्षे खर्च कोण करणार हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. नोकऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळे, संशोधन संस्था, मापन आणि सल्ला देणाऱ्या कंपन्या आणि अध्यापन यांत आहेत. त्यांची संख्या सेंद्रिय रसायनशास्त्राइतकी नाही, पण आकडेवारी हाताळता येणारा माणूस सहसा रिकामा राहत नाही.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक आणि त्यांच्याकडील उपकरण यांना अधिक महत्त्व द्या. त्या गटातील विद्यार्थी स्वतः उपकरण उघडतात, दुरुस्त करतात आणि प्रमाणित करतात का, की फक्त तयार आकडे घेऊन आलेख काढतात, हे आधी विचारून घ्या. त्याच गटातील जुन्या विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर बोला. उन्हाळी प्रशिक्षणासाठी पत्र लिहाल तेव्हा विषयाची आवड आहे एवढेच लिहून थांबू नका. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातील एका आकृतीविषयी नेमका प्रश्न विचारा, आणि सोबत तुमच्या पावसाच्या पाण्याच्या नोंदींचे एक पान जोडा, ज्यात तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, सामू, वाहकता, क्लोराइड, सोडियम आणि कोऱ्या नमुन्याचे आकडे असतील. पत्रे जानेवारीच्या आत पाठवा, कारण उन्हाळ्याच्या जागा बहुतेक ठिकाणी त्यानंतर भरू लागतात. आणि तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राची एकदा नम्रपणे आठवण करून द्यायला संकोच करू नका.